शेनांकडचे आणि थांगांकडचे

"अहो वहिनी, कळलं का? वूज्यांगच्या शेनांनी लिनच्वानच्या थांगांचं नाटक परस्पर दुरुस्त करून टाकलं!"

"कोण शेन? आणि हे वूज्यांग कुठलं?"

"चीनमधलं हो. सूचौ शहराच्या खालच्या अंगाला, तळ्याकाठचं गाव. मिंग बादशहांच्या वेळची गोष्ट आहे. चारशे वर्षं होऊन गेली."

"मग ताई, आवाज कशाला खाली आणलात? कोण ऐकायला बसलंय आता?"

"सवय हो. दुसऱ्याच्या घरचं बोलायचं म्हटलं की आपोआप खाली येतो. तर थांग श्यानत्सू. जन्म 1550चा, ज्यांगशी प्रांतातल्या लिनच्वानचा. माणूस हुशार, पण मान ताठ. तिकडे राजाची नोकरी म्हणजे परीक्षा आलीच. मोठे प्रधान होते चांग ज्युचंग, त्यांच्या मुलालाही परीक्षा द्यायची होती. प्रधानांनी काय करावं? चार हुशार पोरं हेरली आणि निरोप धाडला, की आमच्या मुलाच्या संगतीला या. म्हणजे त्याचा नंबर वर आला तरी कुणाला खुपायला नको."

"अगं बाई!"

"शेन माओश्युए नावाचा एक जण गेला. 1577 साली तो सबंध देशात पहिला आला आणि प्रधानांचा मुलगा दुसरा. थांगांनी निरोप धुडकावला. ते त्या वर्षी नापास. 1580 साली पुन्हा नापास. 1582 मध्ये प्रधान वारले आणि 1583 मध्ये थांग पास."

"आता यावर मी काही बोलत नाही."

"बोलूच नका. मग नानजिंगला नोकरी लागली. तिथेही गप्प बसवेना. 1591 साली बादशहालाच अर्ज लिहिला, तुमचे मंत्री कसे आहेत ते सांगणारा. झालं, थेट दक्षिणेच्या टोकाला, समुद्राकाठच्या श्युवनला रवानगी. पुढे स्वीछांग नावाच्या डोंगराळ तालुक्याचे अंमलदार झाले. तिथे नववर्षाला कैद्यांना घरी सोडायचे, आणि दिव्यांच्या सणाला दिवे बघायलासुद्धा. 1598 मध्ये नोकरीवर पाणी सोडून घरी आले आणि त्याच वर्षी 'मूदान थिंग' लिहून काढलं. पियोनी फुलांच्या बागेतला मंडप. पंचावन्न प्रवेशांचं नाटक."

"पंचावन्न? बघणार कोण एवढं?"

"तेव्हाचे लोक बघायचे, निवडून निवडून. गोष्ट अशी, की दू लीन्यांग नावाची बड्या घरची मुलगी बागेत जाते, झोप लागते, स्वप्नात एक तरुण भेटतो. जागी झाल्यावर तो नाही. झुरून मरते. पुढे तो तरुण खरोखरच तिथे येतो, तिचं चित्र बघून प्रेमात पडतो, आणि ती थडग्यातून उठून त्याच्याशी लग्न लावते. बापाला हे पटवण्यातच शेवटचे कितीतरी प्रवेश जातात."

"ते मात्र खरं वाटतं."

"हे लिहिताना म्हणे थांग एक दिवस घरातून गायबच. सगळे शोधतायत. शेवटी अंगणात सरपणाच्या ढिगावर सापडले, तोंडावर बाही घेऊन रडत. मेलेल्या मुलीचा जुना घागरा तिची दासी नेसते, अशी एक ओळ लिहून झाली होती आणि यांनाच आवरेना. दंतकथा असेल. पण नाटक वाचलं की खोटी म्हणवत नाही."

"बरं, आणि शेनांनी यात काय दुरुस्त केलं? रडणं?"

"गाणं! शेन जिंग, थांगांहून तीन वर्षांनी लहान. परीक्षा मात्र 1574 लाच पास, एकविसाव्या वर्षी. पेकिंगला सरकारी नोकरी. 1588 साली राजधानीच्या प्रांतीय परीक्षेत परीक्षकांच्या मंडळात होते. निकाल लागला आणि बोंब झाली. मुख्य प्रधान शेन शिशिंग यांचा जावई पास. दुसरे प्रधान वांग शिज्युए यांचा मुलगा पहिला! आणि हो, हे प्रधान शेन आणि आपले शेन यांचा घोळ घालू नका, चिनीत आडनावं वेगळी आहेत. ते सूचौ शहरातले, आपले वूज्यांगचे."

"म्हणजे पेपर फुटला होता?"

"नव्हता हो. प्रधानांचा तो मुलगा वांग हंग खरंच हुशार. पण बाप सत्तेवर असेतो त्यानं वरची परीक्षा दिलीच नाही. 1601 मध्ये दिली आणि सबंध देशात दुसरा आला. मधल्या काळात त्यानं नाटक लिहिलं, 'यूलुनपाव' नावाचं. वांग वै या जुन्या कवीच्या नावावर एक तोतया परीक्षेत मिरवतो, अशी गोष्ट. ज्याच्यावर आळ आला त्यानंच ही गोष्ट उचलावी! मला तर तो माणूस भारी आवडतो. पण परीक्षक शेन जिंग मात्र त्या गदारोळात पोळले. राजीनामा देऊन वूज्यांगला घरी येऊन बसले ते कायमचेच. पुढची वीसेक वर्षं, 1610 ला वारेपर्यंत, गाणं आणि नाटक, दुसरं काही नाही. गावातच कू दाद्यान नावाचे आणखी एक निवृत्त अधिकारी होते. दोघांच्याही घरी गाणाऱ्या-नाचणाऱ्या मंडळींचा ताफा."

"बायकांना कळत होतं का हे?"

"घरातच होता की ताफा! तिकडे तशी रीतच होती. सूचौच्या आसपास बड्या घरात स्वतःची नाटक मंडळी असणं म्हणजे प्रतिष्ठा. तुम्हाला सांगते, शेजारच्या कुनशान-थायछांग भागात वै ल्यांगफू नावाच्या गवयानं साधारण सोळाव्या शतकाच्या मध्यावर तिथली गायकी घोटून घोटून इतकी मुलायम केली, की पाण्यावर दळलेल्या पिठासारखी म्हणत तिला. कुनशानच्याच ल्यांग छनयूनं त्या गायकीवर पहिलं नाटक लिहिलं, शी श नावाच्या सौंदर्यवतीवर. तेव्हापासून तो सगळा पट्टा या गाण्यानं झपाटलेला. तेच आजचं खुन्छू. शेन या पट्ट्यातले, थांग डोंगरापलीकडचे. खरी ठिणगी तिथेच आहे."

"गावागावाची भांडणं."

"गळ्यागळ्याची म्हणा. ही नाटकं गायची कशी? प्रत्येक पदाला आधीच ठरलेली चाल. आपल्या संगीत नाटकात लेखक एखाद्या प्रसिद्ध चालीवर पद बांधायचे ना, तसंच थोडं. पण चिनी भाषेत शब्द वर चढवून म्हटला तर एक अर्थ, खाली उतरवून म्हटला तर दुसराच. त्यामुळे चालीत कुठे चढा शब्द हवा, कुठे उतरता, ओळीत अक्षरं किती, यमक कुठे, सगळं आधी ठरलेलं. लेखकानं भलत्या जागी भलता शब्द टाकला, की गायकानं एक तर चाल मोडायची नाही तर अर्थ मोडायचा."

"आणि थांग भलत्या जागी टाकायचे."

"बिनदिक्कत! त्यांचे नट यीह्वांगचे, लिनच्वानजवळच्याच तालुक्यातले. त्यांची गायकी वेगळी, समुद्राकाठच्या हायन्यानकडून आलेली. तिथे ते चालून जायचं. शेनांनी मात्र दक्षिणेकडच्या सगळ्या चालींचा एक मोठा ग्रंथ केला, प्रत्येक चालीचा नमुना, कुठे काय बसतं ते सगळं. गावोगावचे नाटककार तो उशाशी घेऊन लिहायला लागले. त्यांचं म्हणणं असं सांगतात, की वाचताना ओळीला अर्थ लागला नाही तरी चालेल, गाताना बसली पाहिजे."

"अर्थ नाही लागला तरी चालेल? हा माणूस शाळा तपासनीस असणार."

"आता तुम्ही थांगांच्या बाजूनं बोलायला लागलात! थांबा, कुकर बंद करून येते... हं. तर शेनांनी 'मूदान थिंग'मधल्या न बसणाऱ्या ओळी बसवल्या आणि नवी प्रत तयार केली, 'थुंगमंग ची' नावानं. ती थांगांकडे गेली कुणाच्या हाती? तर ल्यू युशंग यांच्या. हे युयाओचे. 1583 साली थांगांबरोबरच पास झालेले, म्हणजे थांगांचे वर्गबंधूच. आणि यांचा मुलगा ल्यू थ्यानछंग कुणाचा शिष्य? शेनांचा!"

"म्हणजे मधल्या माणसाची गोची."

"वांग जीदे नावाचा शाओशिंगचा एक नाट्यशास्त्री होता, त्यानंच हे सगळं लिहून ठेवलंय. तो सांगतो, थांग नाराज झाले आणि उलट कळवलं, की यांना पदाचं मर्म काय कळणार, माझं मन जिथे जाईल तिथे मी जाणार, मग जगभरातल्या गायकांचे गळे पिरगळले गेले तरी बेहत्तर. आणि थांगांनी आपल्या एका नटाला पत्र लिहिलं, लो चांगअर नावाच्या. त्यात बजावलं, की माझीच प्रत धरा, ल्यूंकडचा बदल अजिबात घेऊ नका. एकदोन शब्दांचाच फरक दिसत असेल, पण माझ्या मनातलं त्यात उरत नाही."

"ल्यूंकडचा? बदल तर शेनांनी केला होता!"

"वांग जीदे खरं सांगत असेल तर तसंच. प्रत पोहोचवली ल्यूंनी आणि नाव खराब झालं ल्यूंचंच. थांगांनी आणखी एक टोमणा मारला, तो तर मला पाठ आहे. वांग वै कवी चित्रकारही होता. त्याचं बर्फातली केळ असं एक चित्र प्रसिद्ध होतं. थांग म्हणाले, कुणीतरी ती केळ छाटून तिथे प्लमचं झाड काढलं, तर हिवाळा होईल खरा, पण वांग वैचा हिवाळा होणार नाही."

"हे मात्र चोख बोलले. मग मिटलं का?"

"मिटतंय कसलं! थांगांचं नाटक म्हणजे जणू सगळ्यांनाच दुरुस्तीला दिलेलं. सूचौच्या फंग मंगलुंगनं त्याची 'फंगल्यू मंग' केली. चांगश्यिंगच्या त्सांग माओश्युननं थांगांच्या चारही नाटकांना कात्री लावली. आणि हा त्सांग थांगांचा नानजिंगपासूनचा ओळखीचा! तिथल्या राजविद्यालयात होता, 1585 मध्ये वागणुकीच्या तक्रारीवरून घरी बसवला होता त्याला. काय तक्रार ते तुम्ही विचारू नका, मी सांगणार नाही. तो पुढे म्हणतो काय, की थांगांनी सूचौच्या वेशीत कधी पाऊल टाकलं नाही, त्यांना संगीत कुठून कळणार!"

"अस्सं. म्हणजे डोंगरापलीकडचा, गावंढळ."

"तोच सूर. पण त्सांगला वाईट म्हणताना जीभ अडते हो. 1615-16 मध्ये यानंच युआन राजवटीतली शंभर नाटकं निवडून छापली. ती नसती तर त्या काळचं नाटक आपल्याला अर्धंच कळलं असतं. अर्थात तिथेही कात्री चालवलीच असं म्हणतात. हात शिवशिवायचे त्याचे."

"मला एक कळत नाही ताई. हे शेन, त्यांचे चेले, सगळे मिळून एवढे कोण? काही मंडळ वगैरे होतं का त्यांचं?"

"पुस्तकांतून त्याला वूज्यांग संप्रदाय म्हणतात आणि समोरच्याला लिनच्वान संप्रदाय. ऐकायला दोन आखाडे वाटतात. प्रत्यक्षात बघा. शेन वारले, त्यांचे पुतणे शेन त्सिजिन यांनी काकांचा चालींचा ग्रंथ वाढवून नव्यानं काढला. आणि स्वतःचं एक नाटक लिहिलं, 'वांगहू थिंग', त्याच्या सुरुवातीलाच एक पद घातलं. काकांना सगळ्यात वर बसवलं. मग ल्यू थ्यानछंग, ये श्यानत्सू, वांग जीदे, फंग मंगलुंग, फान वनरुओ, युआन यूलिंग, पू शिछन अशी माळ लावली आणि शेवटी स्वतःचं नाव. म्हणजे संप्रदायाची यादी केली कुणी? घरातल्याच पुतण्यानं, आपल्याच नाटकात!"

"लग्नपत्रिकेत नावं घालतात तसं झालं."

"आणि यादीतल्या सगळ्यांनी मान डोलावली असेल असंही नाही. वांग जीदे शेनांचा मोठा आदर करायचा, पण शेनांच्या नाटकांत रस कमी, हे त्यानं सरळ लिहिलंय. ल्यू थ्यानछंगनं तर 'छूफिन' नावाचं पुस्तकच काढलं, 1610 च्या सुमाराचं. सगळ्या नाटककारांना प्रतवारी लावून दिली. वरच्यातली वरची प्रत, वरच्यातली मधली, असं."

"मार्क दिले!"

"सगळ्यात वरच्या प्रतीत दोघंच बसवले, आधी शेन, मग थांग. गुरू पहिला, साहजिकच. आणि वर लिहिलं, की शेनांचे नियम आणि थांगांची प्रतिभा एकत्र आली तर किती छान होईल! वडिलांच्या नावानं थांगांनी एवढे खडे फोडले, तरी मुलानं त्यांना खाली नाही उतरवलं. या पोराचं मला कौतुक वाटतं. अडतीसाव्या वर्षी, 1618 मध्ये गेला बिचारा."

"आणि थांगांकडचे कोण?"

"हीच तर गंमत! लिनच्वान संप्रदाय म्हणून ज्यांची नावं घेतात ते बघा. वू बिंग, यीश्यिंगचा. मंग छंगशुन, शाओशिंगचा. रुआन दाछंग, आन्हुईचा. लिनच्वानचा एकही नाही! थांग 1616 मध्ये वारले, तेव्हा हे तिघं पोरसवदा नाही तर विशी-तिशीतले. त्यांच्या नाटकांत स्वप्नं, चित्रं, झुरणाऱ्या मुली दिसल्या म्हणून पुढच्या अभ्यासकांनी त्यांना थांगांच्या पंक्तीला बसवलं. थांग घरीच होते, यीह्वांगच्या नटांना शिकवत होते, पण संप्रदाय? एकटा माणूस होता तो."

"रुआन दाछंग हे नाव मी कुठेतरी ऐकलंय."

"बदनामच आहे. मिंगांच्या शेवटच्या दिवसांतला कारस्थानी मंत्री. नाटकं मात्र सुरेख लिहायचा, त्याचं 'यान्त्सी ज्यान' नानजिंगमध्ये गाजलं. पुढे 1699 मध्ये खुंग शांगरननं 'पीच फुलांचा पंखा' हे नाटक पुरं केलं, त्यात हा रुआनच खलनायक! नाटककाराला दुसऱ्या नाटककारानं खलनायक केलं, कायमचा. वू बिंगची तऱ्हा उलट. मांचूंनी पकडल्यावर त्यानं अन्न सोडून प्राण दिले. बसा आता एका पंक्तीत."

"ताई, या सगळ्यात बायका कुठे? का त्या नुसत्या झुरायच्या?"

"बरं विचारलंत. वूज्यांगच्या त्याच शेनांच्या घरात चला. शेन जिंग यांची पुतणी शेन यीश्यू, कवयित्री. तिला दिलं शेजारच्या ये घराण्यात, ये शाओयुआन यांना. तिच्या तीन मुली लिहिणाऱ्या. धाकटी ये श्याओल्वान, गुणी आणि देखणी. 1632 साली तिचं लग्न ठरलं आणि लग्नाला पाच दिवस राहिले असताना ती गेली. सतराव्या वर्षी."

"अरेरे."

"तिच्या शोकात थोरली ये वानवान त्याच वर्षी गेली. मधली उरली, ये श्याओवान. तिचं लग्न शेन जिंग यांच्याच नातवाशी झालं होतं. तिनं 1636 मध्ये 'युआन्यांग मंग' लिहिलं, चार अंकांचं. तीन स्वर्गीय सख्या पृथ्वीवर तीन मित्र होऊन जन्मतात, दोघं जातात आणि तिसरा त्यांना शोधत फिरतो. चीनमध्ये एखाद्या बाईनं लिहिलेलं आणि टिकून राहिलेलं हे पहिलं नाटक म्हणतात. आणि आजेसासऱ्यांच्या घरचं वळण बघा, पदं चोख आहेत असं जाणकार सांगतात. नियमांवरून एवढी टिंगल होते शेनांची, पण त्या घरानं एका मुलीच्या हाती लेखणी दिली, हे मी विसरायला तयार नाही."

"मला आता शेन बरे वाटायला लागले."

"आणि थांगांच्या वाचक बायकाही ऐका. थायछांगची यू अरन्यांग, 'मूदान थिंग' वाचून तिनं बारीक अक्षरात टिपा लिहिल्या, सतराव्या वर्षी गेली. थांगांना कळलं, त्यांनी तिच्यावर कविता केल्या.  आणि ते प्रधान वांग शिज्युए बघा. त्यांच्या घरच्या मंडळीत हे नाटक व्हायचं आणि म्हातारपणी त्यांनाही ते गलबलून टाकायचं."

"थांबा. हे त्या परीक्षेतल्या मुलाचे वडील?"

"तेच! म्हणजे बघा, ज्या परीक्षेपायी शेनांची नोकरी गेली, तिच्यात पहिला आलेल्या मुलाच्या घरी थांगांचं नाटक रंगत होतं. सगळे एकमेकांत असे गुंतलेले, आणि पुस्तकवाले दोन रेघा मारून दोन संप्रदाय करतात. पुढे हांगचौच्या वू रनच्या तीन बायकांनी तर कमालच केली. पहिली छन थुंग, लग्नाआधीच वारली. रात्र रात्र वाचते म्हणून आईनं तिची पुस्तकं जाळली होती. दाईनं त्यातलं 'मूदान थिंग'चं एक पुस्तक वाचवलं, ते टिपांसकट वू रनकडे आलं. दुसरी थान त्स, तिनं उरलेल्या भागावर टिपा लिहिल्या, तीही गेली. तिसरी छ्यान यी, तिनं दोघींचं लिखाण एकत्र केलं, आपली भर घातली, दागिने विकले आणि 1694 मध्ये छापून आणलं. तीन सवती, एक पुस्तक."

"दागिने विकून सवतींचं पुस्तक! हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही."

"छापील आहे हो, आजही मिळतं. आणि गळ्यांचं भांडण शेवटी कुणी मिटवलं माहितीये? सूचौच्याच माणसानं. ये थांग नावाचा गायनाचार्य, 1792 मध्ये त्यानं थांगांच्या चारही नाटकांची स्वरलिपी काढली. थांगांच्या शब्दाला हात लावला नाही. जिथे ओळ चालीत बसत नव्हती तिथे दोन-तीन चालींचे तुकडे जोडून नवी चाल केली."

"म्हणजे गळे नाहीत मोडले, चाली वाकवल्या."

"आणि आज गातात ते थांगांचे शब्द, सूचौच्या गळ्यातून. शेन अगदीच संपले असं समजू नका. सतरा नाटकं लिहिली त्यांनी, सात पूर्ण उरलीत. त्यातल्या 'यीश्या ची'मधला वू सुंगचा वाघाशी झुंजीचा प्रवेश खुन्छूवाले अजून करतात. नियमांच्या या भक्ताला लोकांनी लक्षात ठेवलं ते वाघासाठी."

"बरं, पण मला सांगा, दुसऱ्याचं नाटक दुरुस्त करणं हे तिकडे एवढं भांडणाचं कारण होतं का?"

"नव्हतं तर! तीनशे वर्षं मागे जा. मंगोलांचं राज्य, राजधानी दादू, म्हणजे आजचं पेकिंग. परीक्षा बंद होत्या, 1315 मध्ये पुन्हा सुरू झाल्या. शिकलेल्या माणसाला सरकारी काम नाही. मग ते नाटकवाल्यांत मिसळले, त्यांच्या लेखकमंडळ्या झाल्या. नाटककार क्वान हानछिंग तिथलाच. त्याचा जिवलग मित्र यांग श्यानची. त्याचं टोपणनाव काय? ठिगळवाला यांग! कुणाचंही नाटक अडलं की त्याच्याकडे जायचं आणि तो ठिगळ लावून द्यायचा. कुणाला राग नाही, उलट नाव पडलं तेच."

"हा मला आवडला."

"'ह्वांगल्यांग मंग' नावाचं नाटक तर चौघांनी लिहिलं, एकेक अंक. मा चियुआन, ली शिचुंग, आणि उरलेले दोघे चक्क नट, ह्वा लीलांग आणि हुंगत्सी ली अर. नामवंत कवी आणि नट एका पाटावर! हे सगळं आपल्याला कळतं ते हांगचौच्या चुंग सिछंगमुळे. त्यानं 1330 मध्ये 'भुतांची नोंदवही' लिहिली, नाटक-पदं लिहिणाऱ्या दीडशेच्या वर माणसांची. कोण कुठला, कुणाचा मित्र, कुणाला काय म्हणत. फिंगयांगचा चंग क्वांगत्सू दक्षिणेत येऊन वारला, पश्चिम सरोवराकाठच्या देवळात त्याला अग्नी दिला, नटमंडळी त्याला म्हातारे गुरुजी म्हणत, असलं सगळं."

"म्हणजे तुमच्यासारखाच."

"माझ्यापेक्षा बरा. लिहून ठेवत होता. तर मला असं वाटतं वहिनी, ज्याचं पोट नाटकावर होतं त्याला दुरुस्तीचा राग नव्हता. पेन्शनीत निघालेल्या अधिकाऱ्यांना होता. पटत नसेल तर मिंग बुडाल्यानंतरच्या सूचौत या. तिथे ली यू नावाचा नाटककार..."

"हे नाव ऐकलंय, कादंबऱ्याही लिहायचा ना?"

"तो वेगळा! दोन ली यू आहेत, उच्चार एकच, लिहायचं अक्षर वेगळं. कादंबऱ्यावाला, स्वतःच्या बायकांची मंडळी घेऊन गावोगाव फिरणारा, तो दुसरा. हा सूचौचा. हा म्हणे त्या मुख्य प्रधान शेन शिशिंग यांच्या घरच्या चाकरमंडळींतला. नंतरच्या छिंग राजवटीतल्या एका पुस्तकात तशी नोंद आहे, आणि त्यामुळेच याला परीक्षेला बसू देईनात म्हणे. प्रधानांच्या घरची नाटक मंडळी सूचौत नावाजलेली. पोरगं ते ऐकतच वाढलं असणार. पुढे त्यानं तीसेक नाटकं लिहिली, तीही मंडळ्यांसाठी, रंगभूमीवर चालतील अशी."

"जावई पास झाला, चाकराच्या पोराला बसूच दिलं नाही."

"तसंच. आणि याच्याभोवती खरंखुरं टोळकं. चू सूछन, बी वै, ये शिचांग. हानशान मंदिराच्या आसऱ्याला राहणारा चांग दाफू. अधिकारी कुणीच नाही. 'छिंगचुंग फू' हे नाटक ली यूनं या पहिल्या तिघांच्या साथीनं केलं, छापील प्रतीवर चारही नावं. विषय काय घेतला? स्वतःच्याच गावातला दंगा. 1626 साली दरबारचा खोजा वै चुंगश्यान यानं चौ शुनछांग या प्रामाणिक अधिकाऱ्याला पकडायला शिपाई पाठवले. सूचौचे लोक रस्त्यावर उतरले, एक शिपाई मेला. पाच साध्या माणसांनी पुढे होऊन गुन्हा अंगावर घेतला, त्यांची मुंडकी उडवली. पुढच्या वर्षी खोजा संपला आणि त्याच्या नावानं जिवंतपणी बांधलेलं देऊळ पाडून लोकांनी तिथेच त्या पाचांना पुरलं. थडगं अजून आहे, शानथांग रस्त्यावर. थांगांच्या नाटकात एक मुलगी स्वप्नासाठी मरते. यांच्या नाटकात बाजारातली माणसं शेजाऱ्यासाठी मरतात. मला दोन्ही पटतं, पण लिहायला दुसरं अवघड, कारण बघायला बसलेल्यांतल्या कुणी कुणी तो दंगा डोळ्यांनी पाहिलेला होता."

"यांचं कुणी दुरुस्त केलं नाही का?"

"केलं की, आणि त्यानंच हे सगळं गाणं वाचलं! चू सूछनचं 'पंधरा माळा नाणी'. तिकडे भोकाची नाणी दोरीत ओवून माळा करायचे. माळांपायी खून होतो, निरपराध माणसांवर आळ येतो, आणि सूचौचा अधिकारी क्वांग चुंग खरा खुनी शोधतो. मूळ नाटकात दोन भावांच्या दोन गोष्टी गुंफल्यात. 1956 मध्ये चच्यांगच्या मंडळीनं एक भाऊ सरळ काढून टाकला, एकच गोष्ट ठेवली. तेव्हा खुन्छू जवळपास संपल्यात जमा होतं. पेकिंगला प्रयोग झाले, आणि 18 मे 1956 च्या 'पीपल्स डेली'नं अग्रलेखच लिहिला, एका नाटकानं एक नाट्यप्रकार वाचवला म्हणून. मग जागोजागी मंडळ्या उभ्या राहिल्या. 2001 मध्ये युनेस्कोनं मानवतेचा वारसा म्हणून जे पहिले कलाप्रकार निवडले, त्यात खुन्छू होतं."

"हे बघायला मिळेल का कुठे? वाचायला माझ्याकडून होणार नाही ताई, खरं सांगते."

"त्याच 1956 मध्ये त्याचा चित्रपट झाला, तो बघा. वांग छ्वानसुंग नावाच्या विदूषकी नटानं लो आशू या जुगारी खुन्याचं काम केलंय. क्वांग चुंग ज्योतिषाचं सोंग घेऊन देवळात बसतो आणि अक्षरावरून भविष्य सांगता सांगता त्याच्या पोटातलं काढून घेतो. बाकीचं पुढे ढकललंत तरी चालेल, तो प्रवेश मात्र चुकवू नका. आणि तुमची पाण्याची मोटर केव्हाची चालू आहे, टाकी वाहतेय बघा."